पेरूला गेलेला फेटा

दुसऱ्याचं पत्र वाचू नये असं आपल्याला लहानपणी शिकवतात. मी जन्मभर तेच केलं आणि वर त्याचा पगार घेतला.

कोल्हापुरात उद्यमनगरात ऑइल इंजिनं बनवणारा एक कारखाना होता. तिथे माझ्या टेबलावर 'परदेशी पत्रव्यवहार' अशी पाटी असे आणि पाटीमागे मी एकटी. आमची इंजिनं दक्षिण अमेरिकेत जायची. तिकडून पत्रं यायची ती स्पॅनिशमध्ये, आणि सबंध जिल्ह्यात स्पॅनिश येणारी माझ्याखेरीज दुसरी व्यक्ती माझ्या ऐकिवात नव्हती. याचा मला अभिमान होता. त्यात एक धोकाही होता, पण तो माझ्या फार उशिरा ध्यानात आला. माझी चूक पकडणारं गावात कुणीच नव्हतं.

भाषा मी पुण्याला शिकत असताना शिकले. मी राहायचे त्या वसतिगृहात एक स्पॅनिश सिस्टर होती. ठेंगणी, तापट, आणि हातात कायम फूटपट्टी. पहिल्याच दिवशी मी तिला विचारलं, "सिस्टर, आपण एस्पान्योल ना?" तिनं फूटपट्टी टेबलावर आपटली. "एस्पान्योल तो. मी एस्पान्योला!" आपल्याकडे जर्मन माणूस जर्मन आणि त्याची बायकोही जर्मनच. स्पॅनिशमध्ये तसं चालत नाही. तो अलेमान तर ती अलेमाना, तो इंग्लेस तर ती इंग्लेसा, तो पेरुआनो तर ती पेरुआना. बेल्गा म्हणजे बेल्जियमचा, हा मात्र बाप्या असो की बाई, बेल्गाच. असले अपवाद सिस्टर आमच्याकडून रोज संध्याकाळी घोकून घ्यायची. "बाईला तिचा शब्द द्या," म्हणायची, "तो तिच्या हक्काचा आहे."

या शब्दांनीच मला नोकरी मिळवून दिली. कारखान्याचे मालक आण्णा. भरघोस मिशा, आवाज असा की भट्टीच्या शेजारी उभं राहून बोलले तरी फाटकावर ऐकू यावं. माझ्या आधी तिथे एक कारकून रद्दीतला शब्दकोश समोर ठेवून पत्रं लिहायचा. त्यानं कोलंबियाच्या एका व्यापाऱ्याला आण्णांची ओळख करून देताना देशाचं नावच माणसाला चिकटवलं होतं: 'सोय इंदिया.' म्हणजे, मी भारतीय बाई आहे. मुलाखतीला गेले तेव्हा आण्णांनी त्या व्यापाऱ्याचं उत्तर माझ्यापुढे टाकलं. "वाचा बघू." मी वाचलं. पुन्हा वाचलं. मग धीर करून सांगितलं, "यात तुम्हाला बाईसाहेब म्हटलंय. एक स्त्री एवढा कारखाना चालवते याचं त्यांना फार कौतुक वाटतंय."

आण्णांचा हात मिशीकडे गेला. "मला बाई म्हनतोय व्हय ह्यो?"

"चूक त्यांची नाही. आपल्याच पत्रात तसं लिहिलं होतं."

मग ते हसत सुटले. "दुसरं कोन असतं तर गप बसलं असतं. खरं सांगितलासा. उद्यापास्नं या."

खरं सांगितलं म्हणून मला ठेवलं, एवढं वाचकांनी लक्षात ठेवावं.

आमच्या धंद्याची गंमत अशी की पत्र वाचणाऱ्यावर कुणाचाच विश्वास नसतो, आणि त्याच्यावाचून कुणाचं चालतही नाही. स्पॅनिश माणूस मुद्द्यावर येण्याआधी पानभर नमस्कार-चमत्कार करतो. ते मराठीत दोन ओळींत आटपतं. आण्णा पत्र उजेडाला धरायचे. "एवढा थोरला कागद, आनि एवढंच लिवलंय? बाकीचं कुठं गेलं?" पहिली दोन वर्षं त्यांना वाटायचं की मी काहीतरी दडवते. मीही काही कमी नव्हते. ते मजकूर सांगायचे तेव्हा मला वाटायचं, यांच्या मनात काही दुसरंच आहे. संशय हा माझा स्वभावच. आई म्हणायची, ही दुधातसुद्धा माशी पडायच्या आधीच शोधते.

शनिवारी अर्धा दिवस असे. दुपारनंतर बाहेरची माणसं आपापले कागद घेऊन यायची आणि मी ते फुकट वाचून द्यायचे. जोतिबाचा एक दुकानदार एकदा घामाघूम होऊन आला. एका परदेशी बाईनं त्याच्या वहीत काहीतरी लिहून ठेवलं होतं आणि शेजारच्या दुकानदारानं त्याला सांगितलं होतं की त्या शिव्या आहेत. "बाई, आयमायवरनं तर न्हाई नव्हं?" लिहिलं होतं ते असं: 'नारळ गोड होता. गुलाल मात्र माझ्या कपड्यांतून या जन्मी जाणार नाही. एक मेक्सिकाना.' मी त्याला सांगितलं, ही मेक्सिकोची बाई, आणि राग गुलालावर आहे, तुझ्यावर नाही. तरी जाताना त्यानं दोनदा मागे वळून विचारलं, "नक्की न्हाय नव्हं शिवी?"

असल्या गिऱ्हाइकांमुळे मी तीन नियम केले होते. पाकीट बंदच आणायचं, म्हणजे मधल्या कुणी काही काढलं-घातलं नाही याची खात्री. पत्र आधी मनात वाचायचं, मग मोठ्यानं सांगायचं. आणि तिसरा नियम सिस्टरचा: लिहिलंय तेवढंच सांगायचं, आपलं मत आपल्या घरी ठेवायचं.

हा तिसरा नियम मी एकदाच मोडला.

जैनबी यंत्रमागांच्या कबनूर गावाहून एसटीनं आली होती. तिशीची असेल. तिचा नवरा बशीर मिस्त्री आमच्याच कारखान्यातला फिटर. कान असा तयार की इंजिनाचा नुसता आवाज ऐकून दुखणं सांगायचा. आण्णांनी त्याला दोन वर्षांच्या करारावर पेरूला पाठवलं होतं, इंजिनं बसवायला. (कारखान्यातले लोक म्हणायचे, बशीर पेरूला गेलाय म्हणजे बागेत गेलाय काय?) करार संपला, पण तो परत आला नाही. तिथेच एका खाजगी गॅरेजमध्ये लागलो असं त्यानं कळवलं. त्यानंतर त्याची घरची पत्रं चार ओळींवर आली. खुशाल आहे, काळजी नसावी. ती पत्रं मराठीत असत आणि जैनबी ती शाळेच्या गुरुजींकडून वाचून घ्यायची. तिला स्वतःला अक्षरओळख नव्हती.

आता हे पाकीट परक्या अक्षरातलं आलं होतं. पदराच्या गाठीतून काढून तिनं ते माझ्यासमोर ठेवलं, आणि मी वाचत होते तोवर ती कागदाकडे बघत नव्हती. माझ्या तोंडाकडे बघत होती.

पत्र छोटं होतं. सही 'ई' या एका अक्षराची आणि पुढे आडनाव. मजकूर असा: 'आपले पती माझ्या घरी राहतात. मी विधवा आहे. मी त्यांना शब्द दिला आहे, म्हणून काय झालं ते मी सांगणार नाही. पण ते आता पूर्वीचे राहिलेले नाहीत. भारतात परत जाणार नाही म्हणतात. आपण त्यांना पत्र लिहा. मी पेरुआना, आपण इंदिया, पण नवऱ्याची वाट बघणं काय असतं ते आपण दोघी जाणतो.'

आता या मजकुरातून तुम्ही काय अर्थ काढाल? मी जो काढला तो काढायला मला एक क्षणही लागला नाही. विधवा बाई. एकाच घरात. काय झालं ते सांगणार नाही. पूर्वीचे राहिले नाहीत. मी मनात म्हटलं, चोर ते चोर आणि वर शिरजोर! घेतलाय तो घेतलाय आणि बायकोला कळवतेयसुद्धा.

यामागे आमच्या घरातली एक गोष्ट होती. माझी थोरली बहीण, अक्का. तिचा नवरा आफ्रिकेत गेला आणि तिकडेच दुसरा संसार थाटून बसला. वडिलांना ते पहिल्या वर्षीच कळलं होतं. पण ते अक्काला सांगायचे, त्याचं काम लांबलंय. अक्का सहा वर्षं 'काम लांबलंय' यावर जगली, आणि खरं कळलं तेव्हा अंथरुणाला खिळली. शहाण्या माणसानं यावरून शिकायला हवं होतं की खरं आधीच सांगावं. मी शिकले ते उलटंच. मला वाटायचं, ती सहा वर्षं तरी तिनं सुखात काढली.

"कुनाचं हाय ओ?" जैनबीनं विचारलं. "बाई हाय का बाप्या?"

"बाप्या," मी म्हटलं. "म्हातारा आहे. घरमालक."

"काय म्हनतोय?"

"बशीर बरे आहेत म्हणतो. काम लांबलंय."

तिनं सुस्कारा सोडला. तिचे खांदे खाली आले ते मला दिसले आणि मला वाटलं, बरं केलं मी. हे लिहिताना आजही लाज वाटते. पण तेव्हा बरंच वाटलं होतं.

मग तिनं उत्तर सांगायला सुरुवात केली. चांगलं लांबलचक. माझा माणूस तुमच्या घरात हाय, त्याला आपलाच समजा, त्याला तिखट लागतंय, रात्री पांघरून टाकतोय तेवढं बघा. 'त्याला आपलाच समजा' हे मी त्या बाईला लिहू? मांजराला दुधाची राखण सांगण्यातला प्रकार! मी दोनच ओळी लिहिल्या. पत्र मिळालं. आभारी आहोत. जैनबीला कागद दाखवला तर म्हणाली, "एवढंच व्हय? मी तर लई सांगितलं." आण्णांचंच वाक्य, फक्त उलट्या बाजूनं. मी म्हटलं, "त्यांची भाषाच आटोपशीर आहे." खोट्याला खोट्याचा टेकू द्यावाच लागतो.

पुढच्या शनिवारी ती पुन्हा हजर. हातात कागदात गुंडाळलेला गुलाबी फेटा, महाद्वार रोडवरून आणलेला, करकरीत.

"त्या म्हाताऱ्याला धाडा. माझ्या मानसाला घरात ठेवून घेतलंय, मानाचा फेटा द्यायला नगं?"

आपल्याकडे बाईचा मान ओटीनं आणि बाप्याचा मान फेट्यानं, यात कुठे गडबड होत नाही. मी म्हटलं, तिकडे फेटा बांधत नाहीत. ती म्हणाली, "बशीर बांधल की. लग्नात समद्या वऱ्हाडाला त्यानंच बांधलंतं." मी म्हटलं, टपालखर्च फार येईल. ती म्हणाली, "येऊंद्या." शेवटी मी स्वतःच्या हातानं पार्सल शिवलं, स्वतःच्या हातानं पत्ता घातला आणि नावाआधी 'सेन्योर' लिहिलं. म्हणजे श्रीयुत. बाईला तिचा शब्द द्या म्हणणारी सिस्टर तेव्हा आठवली, पण मी शाई वाळू दिली.

पार्सल बोटीनं गेलं. उन्हाळा संपला, पावसाळा गेला. मधूनमधून जैनबी यायची. "पोचला असंल का ओ?" मला वाटायचं, समुद्रात बुडालं तर देवाला नारळ फोडीन.

दसऱ्याच्या आसपासच्या एका शनिवारी ती आली. हातात जाडजूड पाकीट. बंदच होतं, नियमाप्रमाणे. मी ते तिच्यासमोर फोडलं, नियमाप्रमाणे. आतून पत्राआधी एक फोटो निघाला आणि टेबलावर उताणा पडला.

फोटोत सत्तरीची एक म्हातारी होती. जेमतेम साडेचार फूट उंची, दोन वेण्या, घोळदार घागऱ्यासारखा झगा. डोक्यावर तिकडच्या बायका घालतात तशी हॅट आणि हॅटवरून बांधलेला आपला कोल्हापुरी गुलाबी फेटा, तुरा काढून. तोंडात दात नसावेत, पण हसू कानापर्यंत. तिच्या शेजारी स्टुलावर बशीर. तोही हसत होता. त्याच्या विजारीचा डावा पाय गुडघ्याखाली दुमडून टाचणीनं वर लावलेला होता आणि भिंतीला दोन कुबड्या टेकलेल्या होत्या.

जैनबीनं फोटो उचलला. कितीतरी वेळ ती त्या दुमडलेल्या विजारीवर अंगठा फिरवत राहिली. रडली नाही.

"ही म्हातारी कोन?"

मी पत्राची घडी उलगडली.

"बाई," ती म्हणाली, "आता वाचा. येक बी शब्द सोडायचा न्हाई."

मी मनात न वाचताच मोठ्यानं वाचायला लागले. तोही नियम त्या दिवशी गेला. पत्र दोन्या एलेनाचं होतं. 'दोन्या' म्हणजे आपल्या 'बाईसाहेब'सारखा मान. तिनं लिहिलं होतं: 'मालट्रक उलटून आपल्या पतींचा पाय गेला. आपल्याला कळवणार नाही अशी त्यांनी मला शपथ घातली होती. लंगडा होऊन घरी जाणार नाही म्हणायचे. म्हणून मी पहिलं पत्र आडून आडून लिहिलं. वाटलं, बाईला बाईचं कळेल. आपलं उत्तर आलं ते दोन ओळींचं. मी ते त्यांना वाचून दाखवलं. त्यांना वाटलं मी सगळं कळवलंय आणि आपल्याला ते नकोसे झालेत. ते भिंतीकडे तोंड करून झोपले, ते कितीतरी महिने.'

तिथे मी थांबले. जैनबी म्हणाली, "फुडं."

'मग हे कापड आलं. ते बघून आपले पती अपघातानंतर पहिल्यांदा हसले. म्हणाले, हे तर आमच्याकडे पुरुषाला बांधतात, माझ्या बायकोला तुम्ही पुरुष वाटलात! तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी तर पहिल्याच पत्रात लिहिलं होतं, मी पेरुआना, आपण इंदिया. इकडे भारतातल्या माणसाला सरसकट हिंदू म्हणतात, पण ते म्हणाले आम्ही मुसलमान, म्हणून मी त्यांना विचारून बरोबर शब्द लिहिला होता. यातला एकही शब्द आपल्यापर्यंत पोचलाच नाही. आपल्या दोघींच्या मध्ये कुणीतरी उभं आहे. ते कोण आहे, ते आपण शोधा.'

हे वाक्य मी वाचलं. मी ते गाळू शकले असते. जिल्ह्यात मला पकडणारं कुणी नव्हतं, हे मी वर सांगितलंच आहे. पण वाचलं.

फाटकाबाहेर सायकलींच्या घंट्या वाजत होत्या. जैनबी माझ्याकडे पहिल्या दिवशी बघत होती तशीच बघत होती.

"तुमी?"

"हो. मी."

"का म्हून?"

मी तिला अक्काची गोष्ट सांगितली. आफ्रिका, सहा वर्षं, सगळं. मग जैनबी म्हणाली, "तुमच्या भैनीचा नवरा गेला त्यात माझ्या नवऱ्याचा काय गुना ओ? तुमी त्याच्यावर शक घेतलासा, त्या म्हातारीवर घेतलासा. मी तर कंदी घेतला न्हवता. माझं मला कळूं तरी द्यायचं की."

मी पत्राची घडी घालून तिच्यापुढे ठेवली.

"दुसरं कोन वाचनारं असतं तर आता हितनं उठून गेले असते," ती म्हणाली. "पर न्हाई. लिवा."

तिनं सांगितलं आणि मी लिहिलं, म्हातारीनं बशीरला वाचून दाखवावं म्हणून स्पॅनिशमध्येच. घरी ये. पाय न्हाई तर न्हाई, हात हायत नव्हं? कबनुरात बसून माग दुरुस्त करायला पाय कशाला लागतोय? म्हातारीला सांग, फेटा तिलाच शोभतोय. आणि शेवटी म्हणाली, "त्या बाईनं काय लिवलंतं? ती तिकडची, मी हिकडची?" मी म्हटलं, "उस्तेद एस पेरुआना, यो सोय इंदिया." "त्येच लिवा. पैलं त्येच." मग तिनं प्रत्येक ओळीवर बोट ठेवून मला तिचा अर्थ पुन्हा सांगायला लावला. बोट ओळीच्या मधेच थांबलं की विचारायची, "हितं काय हाय?"

बशीर पुढच्या वर्षी आला. आण्णांनी त्याला पुन्हा कामावर बोलावलं होतं, पण त्यानं कबनूरला यंत्रमाग दुरुस्तीचं दुकान टाकलं. त्याच्याशी मी एकदाच बोलले. माफी मागितली तर म्हणाला, "जाऊंद्या ओ बाई," आणि कुबडी सरकवून मला बसायला स्टूल दिलं. चिडला असता तर बरं झालं असतं.

दोन्या एलेनाची पत्रं मात्र येत राहिली, ती वारेपर्यंत. जैनबी ती घेऊन माझ्याकडेच यायची. दुसरं होतं कोण? पाकीट तसंच पदराच्या गाठीतून काढायची, मी फोडायचे. पण कागद मनात वाचायला मी हातात घेण्याआधी ती तो स्वतःकडे ओढून घ्यायची आणि पहिल्या ओळी धुंडाळायची. म्हातारी प्रत्येक पत्राची सुरुवात त्याच दोन शब्दांनी करायची: पेरुआना, इंदिया. जैनबीला कुठल्याच भाषेतलं एक अक्षर येत नव्हतं, पण त्या दोन शब्दांची आकृती तिनं पाठ केली होती. ते सापडले की त्यावर बोट दाबून धरायची आणि कागद माझ्याकडे फिरवायची.

"हितनं वाचा," म्हणायची. "ह्ये आमी दोघी हाय."